पुण्याचे दहा रवे

कसबा बावडा, कोल्हापूर
१७ सप्टेंबर १९९७

श्री. अनेकांत श्रेणिक मगदूम यांस,
जय जिनेंद्र.

दशलक्षण पर्व पार पडलं. आज क्षमावाणी. दरवर्षीप्रमाणे दुकानातून सगळ्यांना कार्डं टाकली, त्यातलं एक सोबत आहे. ‘गेल्या वर्षात कळत नकळत आपले मन दुखावले असल्यास अंतःकरणपूर्वक क्षमा असावी.’ खाली माझं आणि तुझ्या आव्वाचं नाव. निपाणीच्या तंबाखूवाल्याला हे कार्ड जातं, मुरगूडच्या गुऱ्हाळवाल्याला जातं, मग बिअरच्या कारखान्यातल्या केमिस्टानं काय घोडं मारलंय, असा विचार केला. वर्षातून एक दिवस शत्रूचीही क्षमा मागावी म्हणतात. तू शत्रू नाहीस. काय आहेस ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पत्ता आदितीकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस. सासरी सांगलीला असली तरी लेक अजून माझं ऐकते.

मे महिन्यात तुझ्यावर हात उचलला ते चुकलं. तेवीस वर्षांच्या मुलाला कुणी मारत नाही. पण ‘ती नोकरी धरलीस तर माझा उंबरा ओलांडू नकोस’ म्हणालो, ते चुकलं असं अजून वाटत नाही. मद्य, मांस, मध यांना आपल्या घरात सात पिढ्यांत कुणी शिवलेलं नाही, आणि तू दारू बनवायच्या कारखान्यात जाणार. वर मलाच विचारलंस, “आप्पा, रसाच्या एका काहिलीत किती मुंगळं आन् माश्या शिजत्यात ते कधी वाकून बघितलंय काय? त्यो गूळ बरा चालतोय तुमाला.” हात त्यामुळेच उठला असणार.

खरं तर दोष माझाच. नऊ वर्षांचा असताना तुला शाहूपुरीच्या दुकानात गादीवर बसवून गुळाचे खडे चाखायला मीच शिकवलं. डोळे मिटून सांगायचास, हा मुरगूडचा, ह्यात चुना जास्त झालाय, ह्याची काहील खाली करपलीय. मोठमोठे खरेदीदार तोंडात बोटं घालायचे आणि माझी छाती फुगायची. जीभ मी घडवली, ती कुठं न्यायची ते तू ठरवलंस.

आणखी एक. तुझ्या आव्वानं गोड सोडलंय. गूळ नाही, साखर नाही, सणालासुद्धा नाही. तू घरी येऊन तिच्या पुढ्यात बसेपर्यंत. गुळाच्या अडत्याच्या बायकोचा चहा अगोड, लोक हसतात. हे तुला कळवू नका म्हणाली होती. कळवलं.

ती नोकरी सोड आणि ये. मला दुसरं काही नको.

श्रेणिक मगदूम


कसबा बावडा
२६ सप्टेंबर १९९९

चि. अनेकांत यास आशीर्वाद.

यंदाच्या कार्डावर माझं एकट्याचं नाव आहे. छापखानेवाल्यानं जुनाच ठसा लावला होता. कच्चा कागद समोर आला तेव्हा तुझ्या आव्वाचं नाव मीच खोडून दिलं.

फेब्रुवारीत ती गेली तेव्हा तू आला नाहीस, याबद्दल भावकीत अजून कुजबुज चालते. मी कुणाला काही सांगत बसलो नाही. तुला तर माहीतच आहे. तू दुकानात फोन केला होतास आणि मी तिचा निरोप तुला दिला, की दारू करणाऱ्याचं तोंड तिला बघायचं नाही. निरोप कडक होता, मला कळतं. पण तिची तेव्हाची अवस्था ध्यानात घे. आजारापुढं डॉक्टरांनी हात टेकले, मग तिनं महाराजांकडून रीतसर व्रत घेऊन अन्न सोडलं. अशा वेळी माणसाचं मन मोहात गुंतू नये, ज्याच्यामुळं जीव मागं ओढला जाईल असं कुणी समोर येऊ नये, असं जाणती माणसं सांगतात. मी त्याप्रमाणं वागलो.

शेवट शांत झाला. शुद्धीत होती. घरातल्या एकेकाला जवळ बोलावून तिनं क्षमा मागितली. भांडी घासणाऱ्या बाळाबाईचीसुद्धा मागितली, तीस वर्षांपूर्वी एका फुटलेल्या बरणीवरून तिला बोलली होती म्हणून. बाळाबाई अजून ते सांगून रडते.

तुझ्याकडून एका ओळीचंही उत्तर नाही. आदिती म्हणते पत्रं पोहोचतात. तुझा पत्ता बदलला आहे आणि तो मला द्यायचा नाही अशी तू तिला शपथ घातलीस म्हणे. राहू दे. ती आपल्या दोघांची पोस्टमन.

घरात आता गुळाचा चहा करायला कुणाची आडकाठी नाही. केला मात्र नाही.

तुझे आप्पा


कसबा बावडा
११ सप्टेंबर २००३

चि. अनेकांत यास आशीर्वाद.

कार्ड सोबत आहे. खाली दोन ओळी लिहायच्या म्हणून बसलो.

गेल्या महिन्यात निपाणीला तुझ्या धोंडुमावशीकडे गेलो होतो. जाताना स्टँडजवळच्या दुकानातून तुमच्या कारखान्याची एक बाटली घेतली. कोल्हापुरात घेतली असती तर दुपारपर्यंत अख्ख्या शाहूपुरीत बोभाटा झाला असता. वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवली आणि गावाबाहेर ओढ्याकाठी जाऊन उघडली. घोटभर तोंडात घेतली आणि थुंकली, गूळ थुंकतो तशी. अडत्या गूळ गिळत नाही. गिळला तर दहाव्या ढेपेला, दहाव्या रव्याला जीभ बोथट होते. तोंडात घ्यायचा, टाळ्याला लावायचा, नाकानं श्वास सोडायचा आणि थुंकायचा. तेव्हा मी काही प्यालो नाही, हे आधी नोंदवून ठेवतो.

कडू होती. मागं काहीच राहत नाही. तुझा हात तिच्यात कुठं लागतो का ते शोधत होतो. लागला नाही. अशा पाण्यासाठी घर सोडलंस याचं फार वाईट वाटलं. चांगली असती तर कदाचित कमी वाटलं असतं.

धोंडुमावशीशी थोडं वाजलं. जेवणाचं ताट समोर ठेवून ती म्हणाली, “दाजी, आक्का शेवटाला काय मागत हुती ते मी बी ऐकलंय. तुमी पोराला काय सांगितलंसा?” जे सांगायचं ते सांगितलं, असं म्हणून मी ताटावरून उठलो. बायकांना मोहाची गोष्ट समजत नाही.

तू बरा असशील. असावास.

तुझे आप्पा


कसबा बावडा
१८ नोव्हेंबर २००८

चि. अनेकांत यास अनेक आशीर्वाद.

क्षमावाणी होऊन दोन महिने झाले. अवेळी लिहितो आहे, कारण एक गोष्ट पोटात राहत नाही.

आम्ही बावड्याची मंडळी हस्तिनापूरच्या यात्रेला गेलो होतो. परतीच्या वाटेवर दिल्लीत एक दिवस मोकळा होता. उन्हाळ्यात आदितीच्या तोंडून निसटलं होतं, की तू मोठा कारखाना कधीच सोडलास आणि आता बिअर जिथं करतात तिथंच लोकांना देतात अशा छोट्या ठिकाणी काम करतोस. पेपरात वाचलं होतं की अशी ठिकाणं आपल्याकडे अजून बोटावर मोजण्याइतकीच आहेत आणि त्यातलं एक गुडगावला आहे. मंडळी साड्या बघायला निघाली. मी पाय दुखतात म्हणून धर्मशाळेत मागं राहिलो आणि रिक्षा केली. यात्रेला जाऊन खोटं बोलून दारूच्या ठिकाणी शिरलेला एकाहत्तर वर्षांचा म्हातारा कोल्हापुरात मी एकटाच असेन.

मला वाटलं होतं, अंधार असेल, आंबूस वास असेल. तसं काही नव्हतं. काचेमागं स्टीलच्या चकचकीत टाक्या, पुसलेली फरशी, आणि भाजलेल्या सातूचा गरम वास. दुपारचे तीन वाजले होते, गिऱ्हाईक कुणी नाही. वेटरनं एका लाकडी पट्टीवर सहा छोटे ग्लास आणून ठेवले. मी त्याच्याकडे थुंकायला भांडं मागितलं. तो बघतच राहिला. शेवटी बर्फाची रिकामी बादली आणून दिली.

एक गढूळ होती, तिला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास. मी विचारलं, केळं घालता काय? तर नाही, म्हणे, तो नुसत्या आंबवण्याचा वास. एक काळी होती, तिची चव थेट करपलेल्या काहिलीची, पण मुद्दाम करपवलेली. एक इतकी कडू की काडेचिराईत परवडला. निपाणीच्या ओढ्याकाठी थुंकलेलं पाणी आणि हे, यात जमीनअस्मानाचा फरक होता. माणसं यापायी घरदार का सोडतात ते त्या बादलीपुढं बसून मला थोडंसं कळलं. कबूल करायला लाज वाटते, पण कळलं.

चौथ्या ग्लासाला आतून एक तरुण पंजाबी मुलगा बाहेर आला. बिअर करणारा तोच. हात पुसत उभा राहून तो माझ्याकडे बघत राहिला आणि हिंदीत म्हणाला, तुम्ही हे असं टाळ्याला लावून नाकातून श्वास सोडायला कुठं शिकलात? मला ज्यांनी शिकवलं ते सर असंच करायचे. मी सरांचं नाव विचारलं. त्यानं तुझं नाव सांगितलं.

मी कोण ते सांगितलं नाही. गुळाचा व्यापारी म्हणालो. दोन वर्षांपूर्वीच तू पुण्याला गेलास, तिथं स्वतःचं सुरू करतो आहेस, परवान्यासाठी सरकारदरबारी हेलपाटे घालतो आहेस, आणि तोवर घरगुती भांड्यात करून बघतो आहेस, एवढं कळलं. उरलेले दोन ग्लास तसेच ठेवून निघालो. सूर्य मावळायच्या आत धर्मशाळेत जेवायला पोहोचलो.

मी पुण्याला येईन. नको असेल तर आदितीकरवी कळव. काही कळवलं नाहीस तर मी त्याचा अर्थ माझ्या सोयीनं घेईन.

दुकान बरं चाललंय. पुण्याच्याच एका व्यापाऱ्यामार्फत गेल्या हंगामापासून दहा रव्यांची मागणी येते. अट काय, तर मुरगूडच्या गणपती कांबळ्याच्या गुऱ्हाळाचा, भेंडीच्या पाण्यानं मळी काढलेला, पावडर न घातलेला, आणि मगदुमांनी स्वतः जिभेवर घेऊन निवडलेला गूळ पाहिजे. कुणी जुन्या वळणाचा हलवाई असावा. मला बरं वाटतं. ते दहा रवे मी मन लावून निवडतो.

तुझे आप्पा


कसबा बावडा
१ मार्च २००९

चि. अनेकांत यास अनेक आशीर्वाद.

गुरुवारी पुण्यात आपण भेटलो. तू काय बघितलंस ते तुला ठाऊक. मी काय बघितलं ते लिहितो.

परवाना मिळाला म्हणायचा. तुझी जागा छोटी आहे, पण हवेशीर आहे. मी मुद्दाम कोपऱ्यात बसलो. तू काचेआड टाकीच्या झाकणाशी वाकला होतास. केस विरळ झालेत. वाकताना डावा हात कमरेवर ठेवतोस, ती तुझ्या आव्वाची सवय. ग्लास माझ्यापुढं ठेवले गेले, भांडंही मागून घेतलं. चार नीट चाखून थुंकले. चारही चांगल्या होत्या. दुसरी माझ्या मते अजून दोन दिवस टाकीत राहायला हवी होती, पण मी त्यातला कोण.

पाचवा ग्लास लालसर होता. तोंडात घेतला आणि टाळ्याला लावला, आणि माझ्या जिभेवर मुरगूड आलं. नदीकाठची काळी माती, भेंडीचा तो किंचित बुळबुळीत मऊपणा, आणि शेवटी खारट टोक. गणपतीचा गूळ. मी निवडलेला. दोन हंगाम मी ज्याला हलवाई समजत होतो तो तू होतास. माझ्याकडून दुसरं काही घेता येत नव्हतं म्हणून माझी जीभ तेवढी मागवून घेत होतास.

मी गिळलं.

मुद्दाम नाही. थुंकायचं राहूनच गेलं. एकाहत्तर वर्षांत पहिला घोट, आणि तो तुझ्या हातचा. त्याचं प्रायश्चित्त काय ते मी महाराजांना अजून विचारलेलं नाही. विचारावंसं वाटत नाही.

वर बघितलं तर तू समोर उभा. काही न विचारता उकळून गार केलेलं पाणी आणून ठेवलंस. मी बाहेरचं कच्चं पाणी पीत नाही हे बारा वर्षांनी तुझ्या ध्यानात होतं. मग बसलास. ही गुळाची आव्वासाठी केली म्हणालास. तुझ्यापायी तिनं गूळ सोडला, तिला तो पुन्हा कुणी खाऊ घातला नाही, म्हणून.

त्यानंतर एकच गोष्ट विचारलीस. मी उत्तर दिलं. तो विषय आता पुरे. तू उठलास, टाकीकडे बघायला हवं म्हणालास. मलाही सूर्यास्ताच्या आत आवरायचं होतं. पण पाऊण तास मी तुझ्यासमोर बसलो. तेवढ्यावर माझं उरलेलं आयुष्य निघेल असं वाटलं होतं.

निघत नाही. आज चौथा दिवस आहे.

तुझे आप्पा


कसबा बावडा
५ सप्टेंबर २००९

बाळा,

कार्ड सोबत आहे. ‘कळत नकळत’ छापलंय, त्यातलं ‘नकळत’ मी पेनानं खोडलंय. हे पत्र पुरं वाचावंस एवढी विनंती.

पुण्यात तू विचारलंस, “आव्वा खरंच तसं म्हणालेली काय?” आणि मी म्हणालो, “व्हय.” ते खोटं आहे. दहा वर्षांपूर्वीही खोटं होतं. ती तसं कधीच म्हणाली नाही.

त्या दिवशी सकाळी तिनं सगळ्यांची क्षमा मागून झाल्यावर मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, “अनेकांतला फोन लावा. एक त्याचीच क्षमा ऱ्हायलीया माझी. त्याला म्हणावं, ये.” धोंडुबाई उशाशी होती, तिनं ते ऐकलं. घरचा फोन बंद पडला होता, म्हणून मी दुकानात आलो. कुलूप काढतो तर आत फोन वाजत होता. तू होतास. तुझा घसा बसला होता. म्हणालास, “आप्पा, मी स्टँडवर हाय. येऊ?”

स्टँडवरून आपलं दुकान पायी दहा मिनिटं. ती दोन वर्षं ज्याची वाट बघत होती तो दहा मिनिटांवर उभा होता. आणि मी ते वाक्य बोललो. दारू करणाऱ्याचं तोंड तिला बघायचं नाही, तिला सुखानं जाऊ दे. मागं गाड्यांचा आवाज येत राहिला, मग फोन ठेवलास.

घरी येऊन मी तिला सांगितलं, फोन झाला, लांब आहे, येणं जमत नाही, पण त्यानं तुझी क्षमा मागितली आणि तुलाही दिली. तिनं हात जोडले. मग विचारलं, “आवाज कसा हुता त्याचा? थंडीत घसा बसतोय त्याचा.” मी म्हणालो, खणखणीत होता. दुसऱ्या दिवशी उजाडताना ती गेली. गोड तिनं शेवटपर्यंत घेतलं नाही. क्षमा मिळाली असं ती समजली, पण तू पुढ्यात बसला नव्हतास ना.

इतकी वर्षं मी मोहाचं नाव सांगत आलो. जाणत्यांनी सांगितलं ते खरंच आहे, पण कुणाला समोर येऊ द्यायचं याचा निवाडा तिचा होता, माझा नव्हता. मोह तिचा नव्हताच, राग माझा होता. तू घरात आला असतास तर तिनं तुला कवळलं असतं, सगळे रडले असते, आणि दोन वर्षं मी धरून बसलेला उंबरा सगळ्यांदेखत मोडला असता. मी खोटा पडलो असतो. एवढंच कारण. याच्यापेक्षा मोठं कारण शोधून बघितलं, मिळालं नाही.

पुण्यात तरी खरं का बोललो नाही? कारण तू समोर बसला होतास. खरं सांगितलं असतं तर उठून गेला असतास, आणि मला तू अजून थोडा वेळ बसायला हवा होतास. पहिलं खोटं रागानं बोललो, दुसरं लोभानं. दोन्ही कळून.

क्षमा मागतो. हे कार्डावरचं नव्हे. ती दिलीस तर कशी जगायची ते मला माहीत नाही, नाही दिलीस तरी माहीत नाही. पण तुझ्या आव्वानं तुला नाकारलं नव्हतं. ती तुझ्या घशाची काळजी करत गेली. हे तुला कळायला हवं होतं, आणि ते मी दहा वर्षं माझ्याजवळ ठेवलं.

आप्पा


शाहूपुरी, दुकान
२० डिसेंबर २००९

बाळा,

दसऱ्याला आदिती येऊन गेली. तू माझं पत्र तिच्यासमोरच वाचलंस असं म्हणाली. वाचून झाल्यावर आव्वानं नेमकं काय विचारलं ते तिला पुन्हा वाचून दाखवायला लावलंस, आणि मग बराच वेळ टाक्या धूत राहिलास.

ती निघाली तेव्हा तू तिच्याकडे एक पुडकं दिलंस. सत्त्याण्णवपासूनची माझी सगळी पत्रं आणि कार्डं. मला वाटायचं तू ती उघडतही नसशील. एकूण एक उघडलेली आहेत, घड्या झिजल्यात, काहींना सातूचा वास आहे. आता ती तुला नकोत.

निरोप तिनं खाली मान घालून सांगितला. “आप्पांना सांग, आव्वाला माझ्या नावानं क्षमा त्यांनीच दिली, मला इच्यारलं न्हाय. आता बी माझ्या नावानं त्यांनीच घ्यावी. मला इच्यारू नये.” आणि यापुढं तिनं पत्रं आणायची नाहीत.

ती गेल्यावर मी हंगामाकडे डोळे लावून बसलो. निरोप निरोपाच्या जागी, गुळाची मागणी येईल असं मला वाटत होतं. तोंडानं माणूस काहीही बोलतो, पण जिभेला जे लागतं ते लागतंच, असा माझा धंद्यातला अनुभव. दिवाळी गेली, गुऱ्हाळं जोरात आली, पुण्याचा फोन नाही. शेवटी मीच त्या व्यापाऱ्याला लावला. तो म्हणाला, ती गुळाची बिअर त्यांनी बंद केली.

काल गणपती मुरगूडहून गाडी घेऊन आला. पुण्याच्या पावण्याचे दहा रवे बाजूला काढू न्हवं, म्हणून विचारायला लागला. त्याच्यापासून लपवण्यात आता काय अर्थ आहे? त्याचा गूळ कशात जायचा आणि पावणा कोण, सगळं सांगितलं. त्याचं बौद्धाचं घर, पंचशील पाळणारं, त्यालाही दारू वर्ज्य. मला वाटलं, चिडेल. तो म्हणाला, “पोरगं तुमचं हाय न्हवं? मग दहा रवं मी ठेवून जातो. आला तर आसूद्यात.” ठेवून गेला.

ते मी निवडलेले नाहीत. गणपतीनं खडा फोडून हातावर ठेवला, तो मी तसाच परत दिला. तुझ्या आव्वाचं व्रत अर्धवट राहिलंय, ते मी पुढं घेतलंय. तू येऊन पुढ्यात बसेपर्यंत गोड नाही. गुळाच्या अडत्यानं गूळ जिभेवर घ्यायचा नाही म्हणजे दुकान बंद करणं आलं. पाडव्यापर्यंत आवरतो.

तिनं तुला कळवू नका म्हटलं होतं आणि मी पहिल्याच पत्रात कळवलं. तिच्या व्रताचा मी सौदा केला. या खेपेला तसं होणार नाही. आदिती पत्र नेणार नाही, पोस्टानं टाकायला तुझी परवानगी नाही, तेव्हा हे तुझ्यापर्यंत येत नाही. म्हणूनच लिहू शकलो.

रवे मागच्या भिंतीला, पोत्याखाली ठेवलेत. तिथं ओल येते. पावसाळ्यात त्यांना पाणी सुटेल.

आप्पा